माल दीड किलो, कुरिअर सहा किलोचं

कुरडई फुगीर आणि पोकळ असते. तिचं खरं वजन काट्यावर कळत नाही, खोक्यात भरायला घेतलं की कळतं. हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं, म्हणून आज एकदाच लिहून ठेवते. पुढच्या वेळी "कुरिअरचे एवढे पैसे का?" असं कोणी विचारलं की हीच लिंक पाठवणार.

आम्ही जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरचे. घरात सासूबाई, मी आणि हंगामात मदतीला येणाऱ्या गल्लीतल्या दोघी-तिघी असं आमचं वाळवणाचं काम चालतं. ज्वारीच्या बिबड्या (पापडासारख्याच, पण ज्वारीच्या शिजवलेल्या पिठाच्या), उडदाचे पापड, कुरडया आणि वर्षभर चालणारा काळा मसाला. पूर्वी हे सगळं ओळखीत जायचं. आता व्हॉट्सअ‍ॅपवर पुण्या-मुंबईच्या, नाशिकच्या, सुरतेकडच्या ऑर्डरी येतात. मालाच्या भावावर फारसं कोणी बोलत नाही. गहू तीन दिवस भिजवून, वाटून, चीक काढून, तो शिजवून गरम असतानाच सोऱ्यातून घालायचा, ही मेहनत लोकांना माहीत असते. निदान त्यांच्या आईला तरी माहीत असते. भांडण होतं ते कुरिअरच्या पैशावरून.

परवाचंच घ्या. ठाण्याच्या एका बाईंनी दीड किलो कुरडया मागवल्या. मी कुरिअरचा आकडा सांगितला, तर म्हणाल्या, "ताई, दीड किलोला एवढे? आमच्याकडे दोन किलोचं पार्सल याच्या निम्म्यात येतं." येत असेल, पण ते दोन किलो साखरेचं असेल. कुरिअरवाला खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये मोजतो, तिन्हींचा गुणाकार करतो आणि त्याला ५००० ने भागतो. येणारा आकडा म्हणजे त्याच्या लेखी किलो. तो आणि काट्यावरचं वजन यांत जे जास्त, त्याचे पैसे. आमचं कुरडईचं खोकं ४० बाय ३० बाय २५. गुणाकार ३०,०००, म्हणजे सहा किलो. आत माल दीड किलो आणि पैसे सहा किलोचे. उलट किलोभर बिबड्या एकावर एक रचल्या की २५ बाय २५ बाय १२ च्या खोक्यात मावतात, दीड किलोच्या हिशेबात जातात. मसाल्याचं तर बोलायलाच नको, तो जेवढा आहे तेवढाच मोजला जातो.

खोकं लहान घ्या, असं सांगणारेही भेटतात. घेते की. पण दाबून भरलेली कुरडई ठाण्याला चुरा होऊन पोचते आणि मग फोटो येतो, वर रडका चेहरा. शेवटी यंदा सासूबाईंना म्हटलं, आपण कुरडईचा घेरच थोडा कमी करू. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "माय वं, कुरिअरवाल्यासाठी कुरडई लहान करायची?" पण केली. निम्मा घाणा लहान घातला. आता खोकं ३० बाय २५ बाय २० चं लागतं, हिशेब तीन किलोवर आला. गिऱ्हाइकाचे पैसे वाचले. त्यावर पहिला मेसेज काय आला? "ताई, या वर्षी कुरडया लहान का? आधीच्या छान मोठ्या होत्या."

दुसरा प्रकार आहे पोस्टाचा दर सांगणाऱ्यांचा. "स्पीड पोस्ट ४७ रुपयांत भारतात कुठेही जातं." बरोबर आहे. २०१२ नंतर पहिल्यांदा १ ऑक्टोबर २०२५ पासून स्पीड पोस्टचे दर बदलले, त्यात ४७ चा आकडा आहे. पण तो ५० ग्रॅमपर्यंतच्या पाकिटाचा, वर १८ टक्के जीएसटी वेगळा. पन्नास ग्रॅममध्ये माझ्या दोन कुरडयासुद्धा बसायच्या नाहीत. आधारकार्डाची झेरॉक्स पाठवायची असेल तर जरूर पाठवीन.

तिसरा प्रकार जास्त अवघड, कारण तो पार्सल पोचल्यावर सुरू होतो. पिंपरीच्या एका दादांनी खोक्यावरच्या स्टिकरचा फोटो पाठवला. "स्टिकरवर १४२ आहेत, तुम्ही १९० घेतले. ४८ रुपये कशाचे?" प्रश्न रास्त आहे. मीही विचारला असता. मी फक्त त्यांना ऑर्डरच्या वेळचा माझाच मेसेज परत पाठवला. तो मी सगळ्यांना पाठवते, एकाच साच्यातला:

"बिबड्या १ किलो, उडीद पापड १ किलो. माल ७६०. पॅकिंग ४८ (खोकं २८, बबल रॅप १४, टेप ६). कुरिअर १४२. एकूण ९५०. खोक्याचा मापासकट फोटो सोबत. पटलं तर पैसे टाका."

दादांनी अंगठा दाखवला आणि गप्प बसले. पटलं की कंटाळले, माहीत नाही. पेट्रोल आणि भुसावळला जायचा वेळ मी त्यात धरत नाही, ते माझं धंद्याचं. पण खोकं मी विकत आणते, ते त्यांच्या घरी जातं, म्हणून त्याचे पैसे त्यांचेच. आणि प्रत्यक्षात कुरिअर कमी लागलं तर फरक त्याच दिवशी परत टाकते, बारा रुपये असले तरी. जास्त लागलं तर ते माझ्या अंगावर, कारण आकडा मी दिलेला असतो.

हे फोडून सांगायची सवय मला धंद्याने लावली, पण ती सरकारच्या नियमांतही आहे. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार ऑनलाइन बाजारपेठेवर विकणाऱ्याने एकूण रक्कम एका आकड्यात दाखवायची आणि तिची फोडही द्यायची: डिलिव्हरी, पोस्टेज, हाताळणी, कर. आधी कमी किंमत दाखवून शेवटी पैसे भरताना एकेक आकार चिकटवणं तर २०२३ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत फसव्या युक्त्यांच्या यादीत टाकलंय. माझं दुकान व्हॉट्सअ‍ॅपवरचं, तरी मला हे पटतं.

माहेरचं नातं काढणाऱ्याही असतात. "ताई, माझं माहेर भुसावळचंच हो, कुरिअर तेवढं सोडा." मी माहेरवाशिणीची ओटी भरीन, कुरिअरवाल्याची नाही भरणार. त्यांना मी ट्रॅव्हल्स सुचवते. संध्याकाळच्या पुण्याच्या गाडीत खोकं टाकलं की क्लीनर शंभर-दीडशेत नेतो, मापं काढत बसत नाही. अट एकच, पहाटे वाघोलीला गाडी लागेल तेव्हा तुम्ही तिथे उभं राहायचं. ना पावती, ना ट्रॅकिंग, फक्त गाडीचा नंबर आणि क्लीनरचा मोबाइल. पहाटे उठायचं म्हटलं की बहुतेकांना कुरिअर एकदम स्वस्त वाटू लागतं. सुरतेचा प्रश्न सोपा आहे, उधन्याला कोणाचं ना कोणाचं जाणं-येणं असतंच, पिशवी हातोहात जाते.

कॅश ऑन डिलिव्हरी मात्र मी बंद केली ती केलीच. दारात पार्सल आल्यावर "घरी कोणी नाही" म्हणून नाकारणारे असतात. मग ते खोकं परत येतं आणि जायचं भाडं, यायचं भाडं दोन्ही माझ्या नावावर. आतल्या कुरडयांची काय दशा होते ते वेगळं. त्या चुऱ्याची आम्ही कांदा घालून भाजी करतो, चांगली लागते. पण दोन वेळचं भाडं भरून खायची भाजी ती नव्हे.

एक युक्ती मात्र गिऱ्हाइकांच्या फायद्याची, तीही सांगून टाकते. माझा कुरिअरवाला अर्ध्या-अर्ध्या किलोच्या टप्प्याने पैसे लावतो. सव्वादोन किलो झालं तरी अडीचचेच. म्हणजे खोक्यात जागा असेल तर पाव किलो मसाला बिनभाड्याचा जातो. मी स्वतःहून विचारते, "पाव किलोची जागा आहे, काही टाकू का?" काही जणांना ती माझी विक्रीची चाल वाटते. तशी ती आहेच, पण त्यांचे पैसेही त्यात वाचतात.

मुलगी म्हणते, आई, कुरिअर किमतीतच घाल आणि फ्री डिलिव्हरी लिही, सगळे तसंच करतात. तसं केलं तर मागच्या गल्लीतली माझी जाऊ, जी ताट घेऊन येते आणि ताटात कुरडया नेते, तिने ठाण्याचं भाडं का भरावं? हे उत्तर मुलीला पटलं नाही, जावेला लगेच पटलं.

तेव्हा फ्री डिलिव्हरी ज्यांना हवी त्यांनी फैजपूरला यावं. चहा मिळेल. येताना पिशवी घेऊन या, खोक्याचे अठ्ठावीस मी तिथेही लावते.