लेंडीत सापडले उधईचे जबडे

नागपुरातल्या अंबाझरीच्या गवताळ रानात पहिला जोराचा पाऊस झाला, त्याच्या दुसऱ्या सकाळची ही नोंद. इथले उंदीर काय खातात ते त्यांच्या लेंड्यांवरून पाहायचं होतं, म्हणून पिंजरे संध्याकाळीच दोन जागी लावले होते. काही आत कुसळीच्या गवतात. काही फाटकाकडे, जिथं लोक बाकांवर चिवडा-फुटाणे खातात आणि कबुतरांना ज्वारी टाकतात.

आमिष शेंगदाण्याचं, पण जाळीच्या पुरचुंडीत घट्ट बांधलेलं. वास सुटतो, खाता येत नाही. नाहीतर लेंडीत आपलेच शेंगदाणे निघतात. रात्रभर तग धरायला गाजराचा तुकडा ठेवतो. त्याचे नारिंगी कण नंतर सहज वेगळे काढता येतात. पिंजरे पहाटेच उघडायचे. उघडीप पडून ऊन चढलं की पत्रा तापतो आणि जेमतेम १० ग्रॅमचा शेतउंदीर, मूस बूडुगा, त्यात फार वेळ जगत नाही.

हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्या. लेंड्या चिमट्यानं उचलून ७० टक्के अल्कोहोलच्या कुपीत. चिठ्ठी पेन्सिलीनं लिहायची, पेनाची शाई अल्कोहोलमध्ये उतरते.

लेंडी भिजवून सुईनं मोकळी केली, काचपट्टीवर पसरली आणि आयोडीनचा थेंब टाकला. फाटकाकडच्या लेंड्यांत न पचलेले पिठाचे (स्टार्चचे) कण निळेकाळे झाले. आयोडीनशिवायची दुसरी पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणाऱ्या, प्रकाशात धरली, तर कणाकणावर फुली दिसली. शिजलेल्या पिठात ही फुली राहत नाही. सोबत ज्वारीच्या सालीचे तुकडेही होते. म्हणजे उंदीर लोकांच्या चिवड्यावर नव्हे, कबुतरांच्या दाण्यावर जगत होते. उंदीर वाढले म्हणून विष ठेवा, असं कुणी म्हणालं तर आधी ती ज्वारी बंद करायला हवी; विष खाल्लेला उंदीर शेवटी पिंगळ्याच्या पोटात जातो.

खरं आश्चर्य पुढं होतं. दोन्ही जागच्या लेंड्यांत उधई, म्हणजे वाळवी, निघाली! पावसानंतर पंखवाली उधई बाहेर पडली होती, बिळांच्या तोंडाशी पंखांचा सडा होता. पण पंखांवर विसंबू नये, उधई ते स्वतःच गाळते. पुरावा जबड्याचा: तपकिरी, टणक, आतल्या कडेला दाते असलेला. आयोडीननं तो निळाकाळा होत नाही आणि वनस्पतीसारख्या पेशींच्या भिंती त्यात दिसत नाहीत. शेजारी ज्वारी पडलेली असतानाही उंदरांनी उधई खाल्ली होती.

तुकडे मोजून कुणी किती खाल्लं हे ठरवू नये. एका उधईचे अनेक तुकडे होतात, बोराचा गर मात्र काहीच मागं ठेवत नाही. गांडुळाचे नुसते बारीक केस उरतात. म्हणून किती लेंड्यांत काय सापडलं, एवढंच लिहायचं. शिवाय खाल्लेलं साधारण सहा-आठ तासांत बाहेर पडतं, तेव्हा सकाळची लेंडी फक्त आदल्या रात्रीबद्दल सांगते. पावसाळा सरून कुसळीचं बी पिकलं की याच जागी पुन्हा पिंजरे लावायचे आहेत. तेव्हा उधईच्या जागी काय येतं ते पाहायचं आहे.