सात हजार वेळा वापरायची पिशवी

कोपनहेगनमध्ये कुठल्याही कार्यक्रमाला जा, दारातच एक कोरी करकरीत कापडी पिशवी हातात देतात. वर झाडाचं नाहीतर पृथ्वीचं चित्र. परवा आमच्या ऑफिसच्या कार्यक्रमात मी ती नको म्हटली, तर देणारी मुलगी म्हणाली, "अहो घ्या, पर्यावरणासाठीच आहे." मला रागच आला.

कारण याच देशाच्या, म्हणजे डेन्मार्कच्या, पर्यावरण खात्याने २०१८ मध्ये पिशव्यांचा अभ्यास छापला आहे. दुकानातल्या प्लॅस्टिक पिशवीची बरोबरी करायला नव्या सुती पिशवीला फक्त हवामानबदलाच्या हिशेबाने ५२ फेऱ्या माराव्या लागतात. पाणी, ओझोन थराचं नुकसान वगैरे सगळे निकष लावले तर ७१००. म्हणजे रोज बाजारात नेली तरी एकोणीस वर्षं! सेंद्रिय कापसाची असेल तर २०,०००, कारण त्याचं उत्पादन कमी निघतं आणि जमीन जास्त लागते. हे सगळं ठाऊक असलेल्या शहरात पत्रकं वाटावीत तशा पिशव्या वाटल्या जातात.

मी यवतमाळची, कापसाच्या घरातली. एका बोंडामागे किती पाणी, किती फवारणी, किती उसनवारी असते ते पाहत मोठी झाले. तो कापूस असा एका दुपारच्या कार्यक्रमापुरता वापरलेला बघवत नाही.

आमच्या घरची पिशवी बाबांच्या जुन्या पँटची. पायाचं कापड, तळाला दुहेरी टीप, आणि कमरेचा पट्टा उसवून त्याचेच बंद. पाच किलो बटाटे भरले तरी शिवण हलत नाही. त्या पिशवीसाठी वेगळा कापूस पिकवावा लागला नाही, त्यामुळे तो ७१०० चा आकडा तिला लागूच होत नाही. आमच्याकडे याला कुणी पर्यावरण म्हणत नव्हतं. काटकसर होती, मान्य. पण गोधडी आणि पायपुसणं होईपर्यंत कापड वापरणाऱ्या लोकांना इथून कुणी शिकवायला येऊ नये.

डेन्मार्कचं एक मात्र मनापासून आवडतं. बाटली-कॅनवर एक ते तीन क्रोनर अनामत असते, रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की पैसे परत. कचऱ्याच्या डब्यांना बाहेरून फळ्या लावलेल्या असतात, बाटल्या गोळा करणाऱ्याला डब्यात हात घालावा लागू नये म्हणून. हे आपल्याकडे व्हायलाच हवं.

त्या अभ्यासात रस्त्यावर पडणारं प्लॅस्टिक जवळजवळ धरलेलंच नाही, कारण इथे ते फारसं पडत नाही. आपल्याकडे ते नाल्यात अडकतं, गाईच्या पोटात जातं. म्हणून महाराष्ट्राची २०१८ ची बंदी मला योग्यच वाटते, फक्त तिच्या नावाखाली लग्नसमारंभात नव्या पिशव्यांचे गठ्ठे वाटू नका. घरात जुनी पँट असेलच की!

ऑफिसच्या समितीला मी लिहून कळवलंय: पुढच्या वेळी पिशव्या छापू नका, लोकांना आपापली आणायला सांगा. उत्तर आलं की इथे लिहीन.