गृहपाठ मुलांच्या हातात देताना

माझ्याकडे तिसरीचा वर्ग आहे. बीड जिल्ह्यातली जिल्हा परिषदेची शाळा. दिवाळी झाली की गावातली कितीतरी घरं ऊसतोडीला जातात, मुलं आजी-आजोबांजवळ राहतात. हे ठाऊक असूनही मी रोज एक पान शुद्धलेखन, दहा गणितं आणि एक पाढा द्यायचे. सकाळी परिपाठ झाला की वह्या बघायच्या, ज्यांचं झालं नाही त्यांना उभं करायचं. पहिली तासिका त्यातच जायची.

एका गुरुवारी एक मुलगी सलग चौथ्या दिवशी उभी होती. मी रागावले, तर हळूच म्हणाली, "बाई, हातच्याची वजाबाकी मला वर्गातच कळली नव्हती. आजीला कुठं येतीय?" मी तिला बसवलं. पण चार दिवस मी तिला उभं कशासाठी केलं होतं, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

त्या शनिवारी रोजचा गृहपाठ वर्गातच करायला दिला आणि घड्याळ बघत बसले. सगळ्यात चपळ मुलाला ५० मिनिटं लागली. नऊ जणांचं दीड तासातही झालं नाही. केंद्र सरकारच्या २०२०च्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठच नको आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त २ तास, असं म्हटलंय. म्हणजे आठवड्याचा गृहपाठ मी दोन दिवसांतच देत होते.

मग ठरवलं, जे मुलाने वर्गात एकट्याने करून दाखवलंय तेच घरी द्यायचं. गणितं तीनच. अडलं तर त्याला गोल करायचा. गोल केला तरी गृहपाठ झाला. शिवाय घरी कुणाला तरी एक पान मोठ्याने वाचून दाखवायचं आणि ऐकणाऱ्याने वहीत ठिपका द्यायचा. ठिपका आजीलाही देता येतो.

पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गृहपाठ टाकणं बंद केलं, ते मात्र अनेकांना रुचलं नाही. पण ग्रुपवर टाकला की तो आईचा होतो. काही वह्यांमधलं अक्षर सरळ सरळ ताईचं असायचं. आता शाळा सुटायच्या आधी मुलं स्वतः वहीत लिहून घेतात. पहिल्या आठवड्यात अकरा जण विसरले. सकाळी पंधरा मिनिटं वर्गातच करून घेतलं. मधल्या सुट्टीत कुणाला बसवलं नाही. खेळ हिरावून घेणं मला पटत नाही.

तिघांना ही सवय अजून लागलेली नाही. त्यांच्यासोबत रोज बोलते.

जानेवारीत त्या मुलीची वही पाहिली. दोन वजाबाक्या बरोबर, तिसरीला गोल आणि खाली पेन्सिलीने 'हे बाईंना विचारायचं'. मी हाक मारायच्या आधीच ती फळ्यापाशी येऊन उभी होती.