जांघेतल्या सोळा रेषा

स्ट्रेच मार्क्स, म्हणजे कातडी ताणून पडणाऱ्या रेषा, बाळंतपणानंतर बायकांना होतात, एवढंच मला माहीत होतं. मला झाले ते एका ट्यूबमुळे.

आमचं गाव दारव्हा तालुक्यात. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात ओल्या पॅंटमध्ये दिवसदिवस सोयाबीनमध्ये डवरे हाकले आणि जांघेत गजकर्ण झालं. जागा अशी, की दाखवणार कोणाला? मेडिकलवाल्याला हळूच सांगितलं, त्याने तितक्याच हळूच ट्यूब काढून दिली. दोन दिवसांत खाज गायब. थांबलो की परत यायची, म्हणून लावतच राहिलो. दिवाळीत आंघोळ करताना दिसलं, दोन्ही मांड्यांवर आतल्या बाजूने जांभळट लाल रेषा. डावीकडे सात, उजवीकडे नऊ.

यवतमाळला चामडीच्या डॉक्टर मॅडमनी सगळ्यात आधी ट्यूब मागितली. तिच्यावर बारीक अक्षरात क्लोबेटासोल लिहिलं होतं. कडक स्टेरॉइड. हे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही म्हणे. मला तर चिठ्ठी कोणी विचारलीच नव्हती. मॅडम म्हणाल्या, "धोतर जुनं झालं की कसं विरतं? वरून धड दिसतं, ताणलं की फाटतं. तुमची कातडी आतून तशी विरली आहे." ट्यूब बंद केल्यावर गजकर्ण दुपटीने उसळलं. ते गोळ्यांनी बरं होईपर्यंत होळी आली. तोवर रेषांसाठी लेझरला हात लावायचा नाही, असं त्यांनी बजावलं होतं.

मग नागपूरच्या वाऱ्या. सिटिंगला साडेतीन हजार, एसटीचं वेगळं. घरी सांगितलं कंबर दुखते. आई म्हणायची, "काहून रे बाप्पा, दर खेपेले नागपूरले कायले जातं?"

तिथल्या डॉक्टरांनी समजावलं ते असं. रेषा लाल असतात तेव्हा आत रक्तवाहिन्या असतात. पल्स्ड डाय लेझरचा प्रकाश रक्तातला लाल रंग पकडतो, म्हणून तो ताज्या रेषांवर चालतो. पण सावळ्या कातडीचा रंगही तो प्रकाश थोडा पकडतो, आणि ते मशीन त्यांच्याकडे नव्हतंही. माझ्यावर फ्रॅक्शनल सीओटू नावाचं दुसरं लेझर केलं. त्याचा किरण कातडीतलं पाणी तापवून बारीक बारीक छिद्रं पाडतो, मधली कातडी शाबूत ठेवतो; छिद्रं भरताना नवं कोलॅजन, म्हणजे कातडीला बळकटी देणारे धागे, तयार होतं. रेषा पुसल्या जाणार नाहीत, फिकट होतील, हे त्यांनी पैसे घेण्याआधी सांगितलं. हे मला आवडलं.

बधिर करायचं मलम लावून तासभर पडून राहायचं, वर प्लास्टिक. मग डोळ्यांवर चष्मा आणि टक-टक-टक. दुखण्यापेक्षा वास लक्षात राहिला, बैलाच्या शिंगांवर तापलेली सळई फिरवावी तसा. परतीच्या एसटीत चार तास मांड्या फाकवून बसलो, शेजारच्या काकांनी दोनदा बघितलं.

दुसरी सिटिंग मेमध्ये घेतली, ती चूक. डॉक्टर सैल सुती कपडे घाला म्हणाले होते. मी आठवडाभरात पॅंट चढवून मोटारसायकलवर शेतात. पंचेचाळीस डिग्री, घाम, घासणं. खपल्या आपोआप पडायला हव्या होत्या, त्या घासून निघाल्या आणि रेषांभोवती चक्क काळी जाळी उमटली, रव्याच्या चाळणीसारखी. मी घाबरून फोन केला. आपल्या रंगाच्या कातडीत असं होतं, बरेच महिने लागतात, पण उतरतं, असं ते म्हणाले. पुढच्या दोन सिटिंगना पॉवर कमी केली आणि मधलं अंतर दोन महिन्यांवर नेलं. काळेपणा गणपतीनंतर उतरायला लागला.

परवा मोजल्या. रेषा सोळाच्या सोळा आहेत. रंग कातडीत बराच मिसळलाय, आणि डोळे मिटून बोट फिरवलं तर आधी खाच लागायची तिथे आता जेमतेम कळतं. पाचवी सिटिंग सांगितली होती, गेलो नाही. त्या पैशात हरभऱ्याचं बियाणं आलं.