अंडी न घालणारीचा बलक

फेब्रुवारीत बायकोची लाल नेलपॉलिश ढापली. परसात सातेरी मधमाश्यांच्या तीन पेट्या आहेत. एकीची चौकट उचलून बघतोय तर टोपणं कुरतडून नव्या माश्या बाहेर पडत होत्या. राखाडी, केसाळ, झोपेतून उठल्यासारख्या धडपडणाऱ्या. काडीपेटीच्या काडीने बावीस जणींच्या पाठीवर ठिपका दिला. तिघींचे पंखच चिकटले, त्याचं अजून वाईट वाटतं.

आठवड्याने ठिपकेवाल्या पिलाव्यावर, म्हणजे अंडी-अळ्यांच्या घरांवर दिसल्या, घराघरात डोकं खुपसून अळ्यांना भरवताना. तिसऱ्या आठवड्यात त्यांतलीच एक मागच्या पायांना पिवळ्या परागाच्या गोळ्या लावून दारावर उतरली. दाईपण संपलं होतं.

या बदलामागे एका जनुकाचा मोठा हात आहे: व्हिटेलोजेनिन. त्यातून बनतं ते मुळात अंड्याच्या बलकाचं प्रथिन, कोंबडीतही याच कुळातलं सापडतं. पण कामकरी माशी सहसा अंडी घालतच नाही. मग तिला बलक हवाय कशाला? तर दाई तोच वापरून अळ्यांचं खाद्य बनवते. तो अंगात भरपूर असेतो ती घरात राहते. तो घटला की ज्युव्हेनाइल हार्मोन नावाचं संप्रेरक वाढतं आणि बाई कामाला बाहेर.

२००७ मध्ये जीवशास्त्रज्ञ ग्रो आमदाम आणि सहकाऱ्यांनी नुकत्या जन्मलेल्या युरोपीय माश्यांच्या पोटात आरएनए टोचून हे जनुक दाबलं. त्या माश्या वेळेआधीच बाहेर पडल्या, मकरंदाकडे जास्त झुकल्या आणि लवकर मेल्या.

मला सगळ्यात भावलेला प्रयोग त्याआधीचा, २००५ चा. बाहेर जायला लागलेल्या माशीच्या रक्तातल्या, रोगाशी झुंजणाऱ्या पेशी मरत जातात. आमदाम यांच्याच गटाने अशा वयस्क माश्यांना पुन्हा दाईच्या कामाला जुंपलं. बलक परत वाढला आणि त्या पेशीही परतल्या. म्हातारी बाळंतिणीच्या खोलीत गेली आणि तरतरीत होऊन आली, म्हणा ना!

राणीच्या अंगात तर हे प्रथिन कायम भरलेलं, आणि ती वर्षानुवर्षं जगते. शिवाय २०१५ मध्ये दिसलं की जंतूंचे तुकडे या प्रथिनाला चिकटून अंड्यात पोचतात, म्हणजे पिल्लांना जन्माआधीच रोगाची चाहूल लागते. २०२३ च्या जानेवारीत अमेरिकेत मधमाश्यांच्या पहिल्या लशीला सशर्त परवाना मिळाला. ती टोचायची नसते, राणीच्या खाण्यात कालवायची असते. आपल्या पोलिओच्या डोसासारखंच की!

सव्वा महिन्यानंतर एकच ठिपकेवाली उरली होती. पंखांच्या कडा फाटलेल्या, दाराच्या फळीवर ऊन खात बसलेली. पुढच्या खेपेला एका पेटीत पिलाव्याची चौकट ठेवून नुसत्या म्हाताऱ्या सोडायच्या आणि कोण भरवायला लागतं ते बघायचं. निळी नेलपॉलिश मात्र स्वतःच्या पैशाने आणायची, अशी घरातून ताकीद आहे.