ट्रान्सफर होऊन सोरॉरिटीत जायचंय? आधी तारखा बघा

सोरॉरिटी म्हणजे अमेरिकन विद्यापीठांतली, सदस्य निवडून घेणारी मुलींची संघटना. तिकडे कम्युनिटी कॉलेजातून (दोन वर्षांच्या कॉलेजातून) चार वर्षांच्या विद्यापीठात आलेल्या मुलीच्या हातात बहुधा दोनच वर्षं असतात. 'आधी रुळते, मग बघते' म्हटलं की त्यातलं एक गेलंच.

नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्स ही १९०२ सालची, २६ सोरॉरिट्यांची संघटना. त्यांच्या चॅप्टर्सची, म्हणजे कॅम्पसवरच्या शाखांची, मुख्य भरती बऱ्याच ठिकाणी ऑगस्ट-सप्टेंबरात होते, काही ठिकाणी जानेवारीत. नोंदणी त्याआधीच बंद होते, आणि ट्रान्सफरचा प्रवेश पक्का होतो उशिरा. गाडी चुकते ती इथेच. म्हणून प्रवेश मिळताच विद्यापीठाच्या ग्रीक लाइफ ऑफिसला (सोरॉरिट्यांचं काम बघणाऱ्या) दोन गोष्टी विचारा: जीपीए (ग्रेड्सची सरासरी) कुठला धरणार, आणि वरच्या वर्षांच्या मुलींसाठी वेगळा कोटा आहे का? क्रेडिट्स नव्या विद्यापीठात येतात, ग्रेड्स बहुधा येत नाहीत. नवा जीपीए तयार झालेला नसतो, तेव्हा जुन्या कॉलेजचा ट्रान्सक्रिप्ट (गुणपत्रक) जवळ ठेवा.

मुख्य भरती हुकली तरी 'कंटिन्युअस ओपन बिडिंग' असतं. ठरलेल्या सदस्यसंख्येपेक्षा कमी मुली असलेले चॅप्टर्स शैक्षणिक वर्षात कधीही बिड, म्हणजे सदस्य होण्याचं आमंत्रण, देऊ शकतात. इथे लांबलचक फेऱ्या नसतात, निवांत बोलणं होतं. ट्रान्सफर मुलीला खरं तर हाच रस्ता सोयीचा.

मुख्य भरतीच्या शेवटी पसंतीक्रमाच्या कागदावर सही घेतात, ती मात्र जपून करा. लिहिलेल्या चॅप्टरकडून बिड आली आणि नाकारली, तर त्या कॅम्पसवर पुढच्या मुख्य भरतीपर्यंत दुसऱ्या पॅनहेलेनिक सोरॉरिटीत जाता येत नाही. जिथे जायचंच नाही, ते नाव लिहूच नका.

जुन्या कॉलेजात यांपैकी एखाद्या सोरॉरिटीचा दीक्षाविधी (पूर्ण सदस्य करून घेण्याचा विधी) झाला असेल तर या २६ पैकी दुसरी सोरॉरिटी कायमची बंद. तीच सोरॉरिटी नव्या कॅम्पसवर असली तरी तिथला चॅप्टर सामावून घेईलच असं नाही, आधी विचारा.

डेल्टा फाय ओमेगा (ह्यूस्टन, १९९८) किंवा कॅपा फाय गॅमा (ऑस्टिन, १९९८) यांसारख्या दक्षिण आशियाई सोरॉरिट्या या संघटनेत नाहीत. त्यांचं वेळापत्रक आणि नियम वेगळे.

नवा पॅनहेलेनिक चॅप्टर काढायचा, तर आधी कॅम्पसच्या पॅनहेलेनिक कौन्सिलने विस्ताराला मत द्यावं लागतं. नुसत्या मैत्रिणी जमवून भागत नाही, आणि दोन वर्षांत हे जमवणं अवघडच.

ड्यूजचा (सदस्यत्वाच्या फीचा) आकडा विचारताना सोरॉरिटी हाउसमध्ये राहणं सक्तीचं आहे का, तेही विचारा. अपार्टमेंटच्या लीजवर सही त्यानंतर.