रात्री वरिष्ठांना कधी बोलवायचे, हे लेखी हवे

प्रशिक्षणार्थी डॉक्टरांची नवी तुकडी रुग्णालयात रुजू होते, तेव्हा पहिला दिवस बहुतेक ठिकाणी कागदपत्रांत आणि भाषणांत जातो. ओळखपत्र, बँक खात्याचा तपशील, संसर्ग नियंत्रणावरचे व्याख्यान, आगीच्या वेळी बाहेर पडण्याचे मार्ग आणि त्यानंतर थेट वॉर्ड. नव्या डॉक्टरांना रुजू करून घेण्याचे काम मी बराच काळ करत आलो आहे आणि या सगळ्याची गरज मला मान्य आहे. मात्र त्यांना ज्याची सर्वांत जास्त निकड असते, ती गोष्ट या कार्यक्रमात क्वचितच असते. रात्री एखादा रुग्ण आपल्या आवाक्याबाहेर जातो आहे असे वाटले, तर नेमके कोणाला, कोणत्या क्रमांकावर आणि कोणत्या टप्प्याला बोलवायचे, हे लेखी दिले जात नाही. ‘अडचण आली तर केव्हाही फोन करा’ असे तोंडी सांगितले जाते. सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, पण ‘अडचण’ कशाला म्हणायचे हे ठरवण्याचा भार त्याच माणसावर पडतो, ज्याला ते ठरवण्याचा अनुभव सर्वांत कमी आहे.

पहाटे अडीच वाजता प्रयोगशाळेतून फोन येतो, की अमुक खाटेवरच्या रुग्णाच्या रक्तातील पोटॅशियम ६.८, म्हणजे जिवाला धोका व्हावा इतके वाढलेले आहे. ईसीजी काढावा, हृदयाच्या संरक्षणासाठी कॅल्शियम ग्लुकोनेट द्यावे, इन्शुलिन आणि ग्लुकोज सुरू करावे, हे सारे नव्या डॉक्टरने परीक्षेत बिनचूक लिहिलेले असते. तिला माहीत नसते ते वेगळेच : ईसीजीचे यंत्र या वॉर्डात आहे की शेजारच्या, कॅल्शियमचे इंजेक्शन तातडीच्या ट्रॉलीच्या कोणत्या खणात आहे, आणि संगणकावर औषध मागवण्याचा तिचा लॉगिन अजून सुरूच झालेला नाही, तर आता काय करायचे. नमुना घेताना रक्तपेशी फुटल्यामुळेही आकडा खोटा वाढलेला दिसू शकतो, म्हणून पुन्हा तपासणी करून मगच कळवावे, असा विचारही मनात येतो. त्यात संध्याकाळी वरिष्ठ फोनवर तुटकपणे बोललेले असतात. या सगळ्याची बेरीज होऊन ती थांबते, आणि ज्या मिनिटांत उपचार सुरू व्हायला हवेत ती मिनिटे निघून जातात. येथे ज्ञान कमी पडलेले नाही, व्यवस्था कमी पडली आहे.

यावर उपाय साधा आहे आणि त्याला फारसा खर्चही येत नाही. प्रत्येक विभागाने एका पानावर अशा प्रसंगांची यादी करावी, ज्यांत वरिष्ठांना कळवणे बंधनकारक आहे : रुग्णाची शुद्ध अचानक कमी होणे, सलाइन देऊनही रक्तदाब न वाढणे, अतिदक्षता विभागात हलवण्याचा विचार, अनपेक्षित मृत्यू, औषध देण्यात झालेली चूक, आणि परिचारिकेला वाटणारी काळजी. हा शेवटचा मुद्दा मी आग्रहाने ठेवतो, कारण अनुभवी परिचारिकेला रुग्ण बिघडत चालल्याचे आकड्यांच्या आधी जाणवते. नियम झाला की ‘साहेबांना उठवू का’ हा संकोच गळून पडतो. ‘कशासाठी कळवले’, असे कोणी विचारणार नसते; कळवले नाही तर मात्र विचारणा होणार असते. त्याच पानावर वरिष्ठांचे कर्तव्यही लिहिलेले असावे. किती मिनिटांत उत्तर द्यायचे, उत्तर आले नाही तर पुढचा फोन कोणाला करायचा, आणि मदत मागणाऱ्यावर डाफरणे ही तक्रारीस पात्र बाब आहे, हे स्पष्ट शब्दांत असले पाहिजे.

कामाच्या तासांची चर्चा अधिक होते आणि ती व्हायलाच हवी. न्यूयॉर्कमध्ये १९८४ साली लिबी झायन या १८ वर्षांच्या मुलीचा रुग्णालयात दाखल झाल्यावर काही तासांतच मृत्यू झाला, आणि त्यानंतर निवासी डॉक्टरांचे प्रशिक्षण व देखरेख तपासण्यासाठी नेमलेल्या बेल समितीच्या शिफारशींवरून १९८९ मध्ये त्या राज्याने निवासी डॉक्टरांसाठी आठवड्याला ८० तासांची आणि सलग २४ तासांची मर्यादा घातली. लोकांच्या लक्षात हे आकडे राहिले. त्या समितीने अनुभवी डॉक्टरांच्या चोवीस तास देखरेखीवरही भर दिला होता, तो मात्र बाजूला पडला. झोपेविना काम करण्याचे दुष्परिणाम खरे आहेत. बोस्टनमधील अतिदक्षता विभागांत झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, प्रदीर्घ पाळ्या करणाऱ्या इंटर्नकडून गंभीर चुका ३६ टक्क्यांनी अधिक झाल्याचे आढळले होते. तरीही अमेरिकेत पुढे झालेल्या मोठ्या चाचण्यांत, पाळ्यांचे नियम शिथिल ठेवलेल्या आणि कडक ठेवलेल्या रुग्णालयांत रुग्णांच्या मृत्युदरात म्हणावा तसा फरक दिसला नाही. तासांची मर्यादा सोडून द्यावी, असा अर्थ मी यातून काढत नाही; थकलेल्या तरुण डॉक्टरचे स्वतःचे आरोग्य आणि पाळी संपवून गाडी चालवत घरी जातानाची त्याची सुरक्षितता हीसुद्धा मोजायची गोष्ट आहे. पण पाळी लहान केली की रुग्ण एका हातातून दुसऱ्या हातात अधिक वेळा जातो, आणि ती देवघेव ढिली असेल तर विश्रांतीतून मिळालेला लाभ तिथेच गळतो.

म्हणून हँडओव्हर, म्हणजे पाळी बदलताना रुग्णांची माहिती पुढच्या डॉक्टरकडे सोपवणे, शिकवावा लागतो. तो आपोआप जमतो, हा जुना समज आहे. ‘आय-पास’ या पद्धतीत आधी रुग्ण किती गंभीर आहे ते सांगायचे, मग थोडक्यात वृत्तांत, मग उरलेली कामे, मग पुढे काय बिघडू शकते आणि बिघडल्यास काय करायचे, आणि शेवटी ऐकणाऱ्याने ते आपल्या शब्दांत परत सांगायचे, असा क्रम असतो. उत्तर अमेरिकेतील नऊ रुग्णालयांच्या बालरोग विभागांत ती राबवल्यावर वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी आणि टाळता येण्याजोगी हानी ३० टक्क्यांनी कमी झाली, हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. माझ्या मते यातली शेवटची पायरी सर्वांत मोलाची आहे आणि घाईत सर्वांत आधी तीच गाळली जाते. त्यासाठी वेळापत्रकातच दोन पाळ्या एकमेकींवर अर्धा तास तरी चढलेल्या हव्यात. तो अर्धा तास पगारी हवा आणि त्या वेळेत तातडीचे नसलेले फोन दुसऱ्या कोणीतरी घ्यावेत.

रुजू होण्याआधी जुन्या डॉक्टरबरोबर काही दिवस पगारी काम करू देणे हीदेखील अशीच व्यवहार्य गोष्ट आहे. इंग्लंडमध्ये नवे डॉक्टर ऑगस्टच्या पहिल्या बुधवारी एकदम रुजू होत असत. २००९ मधील एका अभ्यासात त्या दिवशी तातडीने दाखल झालेल्या रुग्णांत मृत्यूची शक्यता आधीच्या बुधवारच्या तुलनेत ६ टक्क्यांनी अधिक दिसली होती. तिथे २०१२ पासून नव्या डॉक्टरांना किमान चार दिवस असे सोबतीने काम करणे आवश्यक केले गेले. ट्रॉलीचा खण, यंत्राची जागा आणि लॉगिनचा घोळ या दिवसांत, दिवसाउजेडी, सुटतो. परदेशातून किंवा दुसऱ्या भाषेच्या प्रदेशातून आलेल्यांना हा काळ आणखी वाढवून द्यावा, कारण त्यांना औषधांची स्थानिक नावे आणि नातेवाइकांशी बोलण्याची रीत हेही शिकायचे असते.

राहता राहिला मार्गदर्शक नेमण्याचा प्रश्न. नव्या डॉक्टरचे मूल्यमापन ज्याच्या हातात आहे, त्यालाच त्याचा आधार म्हणून नेमणे मला चुकीचे वाटते. ज्याच्या सहीवर आपले प्रशिक्षण पूर्ण होणार आहे, त्याच्यापुढे ‘मला झोप येत नाही’ किंवा ‘अमुक सर अपमान करतात’ असे कोण बोलेल? इंग्लंडमधील २०१६ च्या करारात ठरल्यापेक्षा जास्त वेळ काम झाल्यास नोंद करण्याची सोय आणि त्या नोंदी पाहणारा स्वतंत्र अधिकारी आला, आणि ठरावीक मर्यादा ओलांडल्यास विभागाला दंड लावण्याचा अधिकारही त्याला मिळाला. असा माणूस लहान रुग्णालयातही नेमता येतो, मात्र तो त्या विभागाच्या उतरंडीबाहेरचा असावा, आलेल्या प्रत्येक नोंदीला त्याने ठरल्या मुदतीत लेखी उत्तर द्यावे, आणि ज्या पाळीची नोंद वारंवार येते तिचे वेळापत्रक बदलवून घेण्याचे अधिकार त्याच्याकडे असावेत.